दुर्मिळ ऑटोइम्यून आजार घेऊन जगताना : औषधं, आतली सूज, टेन्शन आणि पर्समधला एक कागद

मला ताकायासु आर्टेरायटिस आहे. नाव पहिल्यांदा ऐकत असाल तर त्यात नवल नाही, सात वर्षांपूर्वी मीपण ऐकलं नव्हतं, आणि ज्या दवाखान्यात मी दोन वर्षं "रक्त कमी आहे, वीकनेस आहे" म्हणून लोहाच्या गोळ्या घेत होते तिथंपण ते कुणाच्या डोक्यात आलं नाही. भाकरी थापायला बसले की तिसऱ्या भाकरीला डावा हात भरून यायचा. दुखायचा म्हणण्यापेक्षा जड व्हायचा, ओल्या पोत्यासारखा, आणि दोन मिनिटं खाली सोडून बसलं की परत नीट. दोरीवर कपडे वाळत घालताना तेच, केस विंचरताना तेच. सासूबाई म्हणायच्या अगं सवय मोडलीय तुझी, आणि मलापण तसंच वाटायचं.

शेवटी एका डॉक्टरांनी माझी दोन्ही मनगटं एकाच वेळी धरली. उजवीकडं नाडी लागली, डावीकडं लागेचना. त्यांनी परत बघितलं, मग काही न बोलता मानेच्या बाजूला आणि गळ्याच्या हाडाखाली स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकत बसले. नंतर सीटी अँजिओ, म्हणजे रक्तवाहिन्यांचं स्कॅन झालं आणि कळलं की डाव्या हाताला रक्त नेणारी मोठी रक्तवाहिनी आतून सुजून सुजून अरुंद झालीय.

हे सगळं लिहायचं कारण म्हणजे असा आजार असलेल्या माणसाला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो तर समोरच्याला काही माहीत नसतं याचा. शुगर म्हटलं की अख्ख्या पेठेला कळतंय काय खायचं काय नाही. आपला आजार मात्र आपल्यालाच सांगावा लागतोय, नर्सला, मेडिकलवाल्याला, दातांच्या डॉक्टरला, घरच्यांना, दरवेळी नव्यानं. ते नीट कसं सांगायचं आणि मधल्या काळात स्वतःला कसं सांभाळायचं, एवढंच या लेखात आहे. औषधाचा डोस मी सांगणार नाही, तो तुमचे र्‍हुमॅटॉलॉजिस्टच, म्हणजे अशा आजारांचे डॉक्टरच ठरवणार. तुम्हाला याच जातीचा दुसरा आजार, ल्युपस असेल, स्क्लेरोडर्मा असेल, मायोसायटिस असेल, तरी यातलं बरंच तुम्हालापण लागू पडेल.

आधी आजार थोडक्यात, कारण घरच्यांना समजावताना हेच लागतंय. शरीराची जी यंत्रणा जंतूंशी लढायला असते ती चुकून आपल्याच अंगावर उलटते, त्याला ऑटोइम्यून म्हणतात. ताकायासुमध्ये ती महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी सगळ्यात मोठी रक्तवाहिनी, आणि तिच्या मोठ्या फांद्यांवर उलटते. रक्तवाहिनीची भिंत सुजते, जाड होते आणि रक्ताला जागा कमी पडते. १९०८ साली जपानमधले डोळ्यांचे डॉक्टर मिकितो ताकायासु यांनी एका २१ वर्षांच्या मुलीच्या डोळ्यातल्या रक्तवाहिन्यांमधला विचित्र बदल सांगितला, तेव्हापासून हे नाव. जास्त करून बायकांना होतो, तोपण बऱ्याचदा चाळिशीच्या आत, आणि आपल्या आशियात बाकी जगापेक्षा जास्त दिसतो. नाडी लागत नाही म्हणून याला पल्सलेस डिसीज पण म्हणतात. संसर्गजन्य अजिबात नाही. हे शेवटचं वाक्य लग्नकार्यात, हळदीकुंकवात मला इतक्यांदा सांगावं लागलंय की आता मी कुणी विचारायच्या आधीच सांगते.

आणि "सूज" म्हटलं की लोक पाय बघतात, तोंड बघतात. ही सूज आतली आहे, बाहेरून दिसत नाही. म्हणून "दिसतीस तर चांगली" हे वाक्य ऐकायची तयारी ठेवा.

पर्समधला कागद

चारेक वर्षांपूर्वी मी तापानं फणफणले होते, घराजवळच्या एका दवाखान्यात नेलं. नर्सनं सवयीनं डाव्या हाताला पट्टा बांधला, वरचं बीपी ८४ आलं. धावपळ सुरू झाली, सलाईनची तयारी, एकजण म्हणतोय मीठ साखर पाणी द्या. मला बोलायचं त्राण नव्हतं. नवरा बाहेर केसपेपर काढायला गेलेला. तो आत आला आणि ओरडला, "उजव्या हाताला बघा ओ!" उजव्या हाताला १५८ होतं. म्हणजे माझं खरं बीपी वाढलेलं होतं आणि उपचार कमी झालेल्या बीपीचे चालले होते. त्या नर्सची चूक मी म्हणणार नाही, तिला कोण सांगणार होतं.

त्या दिवसापासून पर्समध्ये एक कागद आहे, लॅमिनेट केलेला, आधार कार्डाएवढा. एका बाजूला मराठीत, दुसऱ्या बाजूला तेच डॉक्टरांच्या भाषेत, माझ्या डॉक्टरांकडून तपासून घेतलेलं. मराठी बाजूला असं लिहिलंय :

"मला ताकायासु आर्टेरायटिस आहे. बीपी फक्त उजव्या हाताला बघा, डाव्या हाताचा आकडा खोटा येतो. मी रोज स्टेरॉइड घेते, ते अचानक बंद करू नका. आठवड्यातून एकदाच मेथोट्रेक्सेट घेते. पेनकिलर किंवा अँटिबायोटिक देण्याआधी माझ्या डॉक्टरांना फोन करा."

(मेथोट्रेक्सेट म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध, त्याबद्दल पुढं लिहिलंय.) खाली डॉक्टरांचा नंबर, नवऱ्याचा नंबर, रक्तगट. एवढंच. जास्त लिहिलं तर घाईत कोण वाचत नाही. तुम्ही तुमच्या आजाराचा असाच बनवा, चार ओळींच्या वर नको, आणि पहिली ओळ अशी असावी की जी न वाचल्यामुळं तुम्हाला सगळ्यात मोठा धोका होऊ शकतो ती सगळ्यात वर. ज्यांच्या दोन्ही हातांच्या रक्तवाहिन्या अरुंद असतात त्यांचं बीपी पायाला बघावं लागतंय, तसं असेल तर तेच लिहा. मोबाईलमध्येपण फोटो ठेवा पण कागद हवाच, मोबाईलला लॉक असतंय आणि बेशुद्ध माणूस पिन सांगत नाही.

वही

मी दोनशे पानी साधी वही केलीय. रोज लिहीत नाही, आठवड्यातून दोनदा लिहिते. सकाळी औषधाआधी, पाच मिनिटं शांत बसून दोन्ही हातांचं बीपी. उजव्याचं उपचारासाठी, डाव्याचं फरक कळण्यासाठी. आधी नसलेला फरक नवीन दिसायला लागला किंवा आहे तो वाढत चालला तर ते डॉक्टरांना सांगायचं. कधीकधी मशीन डाव्या हाताला नुसतं एरर दाखवतंय, तेपण लिहायचं, मशीन बिघडलंय म्हणून सोडून द्यायचं नाही.

त्याच्या खाली एक ओळ, काय काम करताना काय झालं. "भाकरी ५, हात भरला नाही." "जिना दोन मजले, मान दुखली, चक्कर नाही." "रात्री घाम, बारीक ताप ९९.४." ही ओळ आकड्यांपेक्षा जास्त कामाची आहे असं माझं मत आहे, कारण ईएसआर आणि सीआरपी हे रक्तातले सुजेचे आकडे ताकायासुत कधीकधी नॉर्मल येतात आणि आत रक्तवाहिनीच्या भिंतीत सूज चालूच असते. मला एकदा सीआरपी नॉर्मल आलं म्हणून मी खूश होऊन बसले होते, पण वहीत सलग तीन आठवडे "कपडे वाळत घालताना हात भरला" लिहिलेलं होतं. डॉक्टरांनी ती पानं वाचूनच परत अँजिओ करायला सांगितली, आणि बरं झालं सांगितली. टोसिलिझुमॅब नावाचं सूज दाबणारं इंजेक्शन चालू असलेल्यांनी तर जास्तच लक्ष द्या, त्या औषधानं सीआरपी खालीच राहतं, इन्फेक्शन झालं तरी वर येईलच असं नाही, त्यामुळं रिपोर्ट चांगला आहे म्हणून गाफील राहू नका.

डॉक्टरकडं जाताना वहीच्या शेवटच्या पानावर तीनच प्रश्न लिहून न्या. मी आधी दहा न्यायचे, निम्मे विसरायचे नाहीतर घाईघाईत विचारायचे.

स्टेरॉइड आणि मेथोट्रेक्सेट

आता मुख्य भाग. स्टेरॉइड म्हटलं की आपल्याकडं घरातले सगळे घाबरतात. "ती गोळी सोड, हाडं पोकळ होतात." हाडांवर परिणाम होतो, शुगर वाढू शकते, बीपी वाढू शकतं, चेहरा गोल होतो, मोतीबिंदू लवकर येऊ शकतो, हे सगळं खरं आहे. पण सूज भडकलेली असताना रक्तवाहिनी वाचवायला पटकन काम करणारं तेच औषध आहे, आणि डॉक्टर ते हळूहळू कमी करत आणतात. कमी करणं डॉक्टरांचं काम, आपलं नाही.

का ते समजून घ्या, मग पटतं. आपल्या किडनीवर टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात, त्या रोज स्वतःचं नैसर्गिक स्टेरॉइड बनवतात. बाहेरून बरेच दिवस गोळी मिळाली की त्या काम थांबवून बसतात. अशा वेळी गोळी एकदम बंद केली तर शरीरात ना बाहेरचं ना घरचं, आणि मग बीपी खाली जाणं, उलट्या, भोवळ, अगदी जीवावर बेतण्यापर्यंत होऊ शकतं. म्हणून तीन गोष्टी पाळायच्याच. गोळ्या संपायच्या आठ दिवस आधी नवीन आणायच्या. उलट्या होत असतील आणि गोळी पोटात टिकत नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा, उद्यावर ढकलायचं नाही. आणि ऑपरेशन असू दे, दात काढायचा असू दे, आधी सांगायचं की मी स्टेरॉइडवर आहे.

गोळी सकाळी नाष्ट्यानंतर घ्यायची, रात्री घेतली तर झोप उडते. पहिल्या महिन्यात मी रात्री दोन वाजता उठून फ्रीज उघडायचे, इतकी भूक लागायची, आणि कारण नसताना पोरीवर ओरडायचे. तो औषधाचा परिणाम होता हे मला कुणी सांगितलं असतं तर मी स्वतःला इतकं वाईट समजले नसते, म्हणून तुम्हाला सांगते. घरच्यांनापण आधीच सांगून ठेवा.

मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. हे मी दहा वेळा लिहीन. रोज घेतलं गेलं तर रक्तपेशी एकदम खाली जातात आणि माणूस दगावू शकतो, आणि ही चूक होते, कारण घरात बाकी सगळ्या गोळ्या रोजच्या असतात. वार ठरवा आणि कॅलेंडरवर लाल पेननं गोल करा. माझा आधी शनिवार होता पण दुसऱ्या दिवशी मळमळ व्हायची आणि रविवारी आमच्याकडं मटण, सगळे पांढरा तांबडा ओरपायला बसलेले आणि मी वासानंच आतल्या खोलीत, म्हणून डॉक्टरांना विचारून बुधवार केला. फॉलिक अ‍ॅसिड डॉक्टर सांगतील त्या दुसऱ्या वाराला, त्यानं तोंडातले फोड, मळमळ कमी होते. दारू बंद. मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोलायचं, मेथोट्रेक्सेटवर असताना दिवस जाऊन चालत नाही, बाळाला धोका असतो. ताकायासु असलेल्या बायकांना मुलं होतात, पण ते ठरवून, आजार शांत असताना. आणि मेडिकलमधून परस्पर सेप्ट्रानसारखी अँटिबायोटिक गोळी घेऊ नका, मेथोट्रेक्सेटबरोबर ती फार घातक ठरू शकते. अंग दुखतंय म्हणून पेनकिलरपण परस्पर नको.

रक्त तपासणी कंटाळवाणी वाटते पण रक्तपेशी, लिव्हर, किडनी या तिन्हींवर नजर ठेवायला दुसरा मार्ग नाही. तारखा चुकवू नका. लसींबद्दल विचारा, फ्लू आणि न्यूमोनियाची लस बहुतेकांना सुचवतात, जिवंत जंतूंच्या लसी मात्र या औषधांवर असताना सहसा देत नाहीत.

खाणं, आणि तो काढा

कोल्हापुरात राहून तिखट सोडायचं म्हणजे काय हो. मला पहिला प्रश्न हाच होता. खरं सांगायचं तर मिरचीनं आजार भडकतो असं काही नाही, पित्त होत असेल तर कमी करा, विशेषतः स्टेरॉइडवर असताना. आपला शत्रू मीठ आहे. स्टेरॉइड, बीपी आणि मीठ हे त्रिकूट वाईट. मिसळीवरचा फरसाण, पापड, लोणचं, जेवताना ताटात वरून घेतलेलं मीठ, हे मी कमी केलं. कांदा लसूण मसाला घरीच करते, मीठ निम्म्यानं कमी घालते, थोडा थोडा करून फ्रीजमध्ये ठेवते. तांबड्या रश्श्यावरची तर्री काढून टाकते. नाचणीची भाकरी, डाळ, पालेभाजी, दही, हे नेहमीचं.

दुधाचं मात्र नीट ऐका. हाडांसाठी दूध पाहिजेच, आणि आपल्याकडं गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर म्हशीची धार काढून समोर ग्लासात देतात, लहानपणी मी वडिलांबरोबर जायचे, मिशी यायची फेसाची. पण प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असताना कच्चं दूध नको. त्यातून ब्रुसेला, टीबीसारखे जंतू येऊ शकतात. घरी आणून उकळून प्या. हे सोडताना मला वाईट वाटलं होतं, अजून वाटतं.

आणि काढा. कोरोनात गल्लीत प्रत्येक घरी गुळवेल उकळत होती, शेजारच्या काकू पातेलं घेऊन आल्या, "मी सांगतो बघ, इम्युनिटी वाढती." त्या प्रेमानंच आलेल्या. पण आपल्या आजारात इम्युनिटी आधीच चुकीच्या दिशेला पेटलेली असते, तिला आणखी चेतवून काय मिळवायचं? शिवाय २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर लिव्हरला इजा झालेल्या पेशंटची माहिती प्रसिद्ध केली होती, आणि मेथोट्रेक्सेटवर असताना लिव्हर तर आपण डोळ्यात तेल घालून जपत असतो. मी काकूंना म्हटलं, काकू, डॉक्टरांनी नको म्हटलंय, तुम्ही चहा टाका, मी येते. चालतंय. भाजीतली, दुधातली चिमूटभर हळद चालते, हळदीच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

ताकद वाटून वापरणं

थकवा हा आळस नाही, हे आधी स्वतःला पटवा. मी सकाळी उठले की त्या दिवशीची दोन कामं ठरवते जी झालीच पाहिजेत, बाकीची झाली तर झाली. भाकऱ्या आता दोन दोन करून थापते, मध्ये भाजी परतते, हाताला उसंत मिळते. कपडे उंच दोरीवर घालत नाही, स्टँड आणलाय कमरेएवढा. डाव्या खांद्यावर पिशवी घेत नाही.

चालणं सोडू नका. मी संध्याकाळी रंकाळ्यावर जाते, जिथं हात किंवा पाय भरायला लागेल तिथं कट्ट्यावर बसायचं, श्वास लागला तरी बसायचं, नीट वाटलं की परत चालायचं. सुरुवातीला शंभर पावलांवर बसत होते. आजार भडकलेला असताना किती चालायचं ते डॉक्टरांना विचारा.

टेन्शन

टेन्शनमुळं हा आजार होतो असं म्हणणाऱ्यांना मी आता स्पष्ट सांगते की तसं सिद्ध झालेलं नाही, तुम्ही विचार फार करता म्हणून तुम्हाला हे झालं असं नाही. पण टेन्शनमध्ये झोप जाते, बीपी चढतं, गोळी चुकते, दुखणं दुप्पट वाटतं, हे रोजचं आहे. त्यामुळं ते कमी करणं हापण उपचारच.

मला उपयोगी पडलं ते असं. रात्री नऊनंतर आजाराबद्दल मोबाईलवर काही शोधायचं नाही, शंका आली तर वहीच्या शेवटच्या पानावर लिहायची, ती डॉक्टरांची. झोपताना पाच मिनिटं श्वास, चार आकडे मोजत आत, सहा मोजत बाहेर, श्वास रोखून धरायचा नाही. जोरजोरात करायचे प्राणायामाचे प्रकार मी करत नाही, मला चक्कर येते, मानेकडं जाणाऱ्या रक्तवाहिन्यांचा त्रास असणाऱ्यांनी ते विचारूनच करावेत. आणि रिपोर्ट येणार असेल त्या दिवशी मी एकटी बसत नाही, बहिणीला बोलावते, आम्ही मेथी निवडत बसतो.

लोकांच्या बोलण्याचं काय करायचं? सगळ्यांना सगळं सांगायची गरज नाही. बाहेरच्यांना एक वाक्य पुरतं, "रक्तवाहिन्यांना सूज आहे, औषध चालूय." घरच्यांना मात्र पूर्ण सांगा, सासूबाईंना मी डॉक्टरकडंच घेऊन गेले, त्यांनी स्वतः माझ्या डाव्या मनगटावर बोटं ठेवून नाडी शोधली आणि सापडली नाही. त्यानंतर "सवय मोडली" हे वाक्य आमच्या घरात परत आलं नाही.

आणि पंधरा दिवस होऊन गेले तरी रडू थांबत नाही, जगायचं कशाला असं मनात येतंय, तर तो स्वभाव नाही, त्याला औषध आहे. डॉक्टरांना सांगा, किंवा १४४१६ ला फोन लावा, सरकारची टेलिमानस सेवा आहे, फुकट, दिवसरात्र, मराठीत बोलता येतं. मी लावलाय एकदा.

कुठल्या वेळी वाट बघत बसायचं नाही

अर्ध्या अंगाला मुंग्या किंवा कमजोरी, बोलणं अडखळणं, तोंड वाकडं होणं, एका डोळ्याला अचानक अंधारी, छातीत दुखणं, भोवळ येऊन पडणं, कधी नव्हतं इतकं भयंकर डोकं दुखणं. यातलं काहीही झालं तर १०८ ला फोन नाहीतर मिळेल त्या गाडीनं मोठ्या हॉस्पिटलात, आणि तो कागद हातात. ताप १०० च्या वर गेला तर त्याच दिवशी फोन, आपल्या औषधांवर साधा तापपण साधा धरायचा नाही.

आणि पावसाळा. २०१९ च्या आणि २०२१ च्या पुरात हायवे बंद झाला, गावात गोळ्या मिळेनात, मी सहा दिवसांच्या गोळ्या मोजत बसले होते. आमच्या पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात, तिथं इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. माझा नियम असा की जूनच्या पहिल्या आठवड्यात महिन्याच्या गोळ्या जादा आणून ठेवते, इंजेक्शन घेणाऱ्यांनी लाईट गेल्यावर ते कुठं थंड ठेवायचं हे तेव्हाच विचारून ठेवावं, आणि फाईलची झेरॉक्स, गोळ्या, बीपीचं मशीन एका प्लॅस्टिकच्या डब्यात माळ्यावर. पाणी ३९ ला गेलं की डबा खाली काढायचा आणि बहिणीकडं जायचं, ४३ ची वाट बघायची नाही.